नळीवरचे पाच ठिपके

धायरी, खंडेनवमी, संध्याकाळ

बाबा चिडले. चूक माझी नव्हती. की होती?

बँकेतल्या साहेबांनी त्यांना बजावलंय, दिवाळीआधी बंदुकीचा गंज घालवा, नाहीतर दुसरा पहारेकरी बघतो. मी हडपसरच्या कारखान्यात रंग तपासते, घरात शिकलेली मी पहिलीच. म्हणून मला विचारलं, "कुठला रंग लावू?"

गंज नेमका पाच ठिपक्यांत आहे. आई दर खंडेनवमीला ओलं कुंकू लावते, तिथंच. आजही लावलेलं. ते पुसत मी कारण सांगितलं, तर आई म्हणाली, "देवाच्या कुंकवानं गंज चढतो व्हय? हेच शिकलीस?"

ऑइलपेंट बंदुकीच्या तेलानं सुटेल आणि खाली गंज वाढत राहील. आमच्या कारखान्यातला पावडरचा लेप भट्टीत भाजावा लागतो. त्या उष्णतेनं बंदुकीच्या दोन नळ्या जोडणारा डाख वितळून सैल झाला तर? गोळी झाडताना बंदूक बाबांच्याच हातात असणार. मी म्हटलं, "बाबा, रंग नकोच. परवानावाल्या कारागिराकडून गंज काढून नळी पुन्हा रसायनानं काळी करून घ्या. तोवर नुसतं तेल लावा."

"एवढी शिकलीस, एका रंगाचं नाव सांगता येईना?"

ते पाच ठिपके अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आत्ता बाबा अंगणात शेजारच्या तात्यांना विचारतायत. तात्या खिडक्यांच्या जाळ्या रंगवतात.

"काळा ऑइलपेंट मारा, दोन हात."

"हां! असं सरळ सांगावं माणसानं."