पिवळी ज्योत आणि एव्हारिस्तोची बडबड

१४ जुलै, सोमवार

शाळेला थंडीची सुट्टी लागली, बाहिया ब्लांकात जुलै म्हणजे ऐन हिवाळा. दोन आठवडे दोनशे पोरांचं सूप ढवळायचं नाही. कामं ठरवली: पडदे धुणे. नवऱ्याला कमी बोलायला शिकवणे. सत्तावीस तारखेला लेक यामिला बाळाला घेऊन येणार, त्याची तयारी. नात तीन महिन्यांची झाली, अजून आजीच्या घरी आली नाही. तिला इथे मीच अंघोळ घालणार. ठरलं म्हणजे ठरलं.

स्वयंपाकघरातल्या गॅसच्या बॉयलरची ज्योत पिवळी दिसते आहे. आधी निळी होती. नवरा एव्हारिस्तो म्हणतो, नेली, फिटर बोलव. मी म्हटलं, पाणी गरम येतंय ना? मग तुला रंगाशी काय करायचंय, लग्न लावायचंय का तिचं?

१५ जुलै

यामिलाचा फोन. बापाने चुगली केली. म्हणे, आई, फिटरला दाखवल्याशिवाय मी बाळाला आणणार नाही. मी हो हो म्हटलं.

दाखवणार नाही. समोरच्या इमारतीत एकीने दाखवलं होतं. फिटरने कंपनीला कळवलं, कंपनीने अख्ख्या इमारतीच्या गॅसला सील ठोकलं. अकरा महिने लोक किटलीतलं पाणी अंगावर घेत होते. त्या बाईशी अजून कोणी बोलत नाही. आमच्या इमारतीत आठ घरं आहेत. मला आठ घरांच्या शिव्या नकोत.

वारा सुटला आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीत हवा खेळावी म्हणून कायद्याने ठेवायला लावलेलं जाळीचं भोक आहे, त्यातून दक्षिणेची थंडी थेट मानेवर येते. दरवर्षीसारखा जुना स्वेटर कोंबला. यंदा वरून दुहेरी टेप. इथे सगळेच बुजवतात. कायदा करणाऱ्याने एक जुलै बाहिया ब्लांकात काढून दाखवावा.

१७ जुलै

डोकं ठणकतंय. कालही ठणकत होतं. कारण सापडलं: नवरा. रिटायर झाल्यापासून दिवसभर घरात असतो आणि रेल्वेच्या गोष्टी सांगतो. शाळा चालू असताना मला कळलंच नाही.

१८ जुलै, दुपारी

भोपळा आणायला बाजारात गेले. तीन तास डोकं एकदम मोकळं. घरी आले, माते, आमचा कडू चहा, प्यायले, तासाभरात परत ठणका. झाला की नाही सिद्ध? एव्हारिस्तो म्हणाला, माझंही दुखतं. मी म्हटलं, स्वतःचं बोलणं ऐकावं लागतं ना, दुखणारच.

१९ जुलै

त्याला पुंता आल्ता गावी, त्याच्या बहिणीकडे पाठवला. जाताना दारातून म्हणाला, ती जाळी तरी उघड. मी म्हटलं, तू आधी दार लाव, थंडी येते.

२० जुलै

एकटी आहे. घर शांत. डोकं दुखतंय. इतक्या वर्षांचा साठा एका दिवसात थोडाच उतरणार?

त्याचा फोन आला. तिथे त्याचं डोकं अजिबात दुखत नाही, दोनदा वाढून घेऊन जेवतो. याचा अर्थ त्याला माझ्यामुळे दुखत होतं असा कोणी काढू नये.

२२ जुलै

बॉयलरच्या वर भिंत काळी झाली. ब्लीचने पुसली. दुपारी परत काळी. शाळेतून आणलेला हिरवा रंग होता, तो फासला. आता छान दिसते.

२३ जुलै

खालच्या मजल्यावरची ऑर्तेन्सिया वर आली, वयाच्या मानाने सगळे तिला दोन्या म्हणतात. जिन्यातून सगळं ऐकते ती. म्हणाली, फिटरचं काहीतरी चाललं होतं म्हणे तुमच्यात? बघ हं नेली, माझ्या सांध्यांना गरम पाणी लागतं. गॅस गेला तर मी तुझ्या दारात येऊन मरेन. मी म्हटलं, दोन्या, मी काय वेडी वाटले? फिटरबिटर कोणी येणार नाही. खूश झाली. तळलेल्या पुऱ्या देऊन गेली, साखर पेरलेल्या. चार खाल्ल्या, मग मळमळलं. तिचं तेल जुनं असतं.

२४ जुलै

यामिलाने विचारलं, आला का फिटर? मी म्हटलं, आला होता. नाव काय? म्हटलं, बेनिग्नो. काय म्हणाला? म्हणाला, बाई, असा बॉयलर आता बनत नाही.

हे खोटं नाही. मी वीस वर्षं त्याला बघते आहे. कुठला बेनिग्नो एवढं बघणार?

२६ जुलै, शनिवार, सकाळी

उद्या येणार. पाळण्याची चादर इस्त्री केली. आज अंघोळीची तालीम. खिडक्या बंद, दारं बंद, गरम नळ अर्धा तास सोडून ठेवायचा. न्हाणीघर पोळीसारखं ऊबदार झालं पाहिजे. बाळाला शिंकही येता कामा नये.

२७ जुलै, हॉस्पिटल

अक्षर वेडंवाकडं येतंय. हातात सुई आहे.

काल पाय गेले. नळ बंद करायला उठले आणि जमिनीवर बसले, उठताच येईना. ओरडावं म्हटलं तर आवाज नाही. एव्हारिस्तो नातीसाठी एक दिवस आधी परतला म्हणून. त्याने मला काखेत धरून ओढत बाल्कनीत नेलं. ओले केस, अंगात परकर, सगळी इमारत बघते आहे. मी म्हटलं, दार लाव, थंडी येते. तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला: गप्प बस नेली, श्वास घे!

डॉक्टर पोरगी म्हणते, अजून दहा मिनिटं गेली असती तर. वाक्य तिने पुरं केलं नाही. मी कर म्हटलंही नाही.

२९ जुलै

घरी. कंपनीचा माणूस आला. धुराच्या नळीत कबुतराचं घरटं निघालं. स्वेटर त्याने दोन बोटांनी बाहेर काढला. म्हणाला, सिन्योरा, ज्योत पिवळी झाली, भिंत काळी झाली की बंद करायचं, खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि माणूस बोलवायचा. या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, वास नसतो. मी म्हटलं, मला डोकेदुखी होती फक्त. तो म्हणाला, तोच वास.

मग पाळणा बघितला त्याने. बाळ किती महिन्यांचं, विचारलं. मी पाळण्याची चादर काढून घडी घातली.

आठ घरांना सील. ऑर्तेन्सिया जिन्यात उभी होती, मरायला आली नाही, पण बोललीही नाही. मीच सांगितलं तिला, तुमचं भोक उघडा, गॅस परत येईल तेव्हाही उघडंच ठेवा. तिने घरात जाऊन दार लावून घेतलं. मग वरच्या तीन घरांत सांगायला गेले. दोघांनी दारच उघडलं नाही. उद्या परत जाणार.

एव्हारिस्तो तीन दिवस सलग बोलतो आहे. डोकं दुखत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

बसने यामिलाकडे गेलो. बेनिग्नोबद्दल तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. बाळाला माझ्या मांडीवर दिलं. गरम, जड, दुधाचा वास. बाळाच्या अंघोळीची वेळ झाली तसं मी उठून स्वयंपाकघराकडे निघाले, पाणी तापवते म्हटलं.

यामिला म्हणाली, आई, तू बस. मी करते.

मी बसले.