मागच्या सीटखालचा जोड

गुरुवार, १४ तारीख

चि. बारके,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो, कारण आज सविस्तर खुशाली विचारण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

तुझ्या रोपवाटिकेचं फाटक मी केलं. एका बोटाने उघडतं आणि अजून सूतभरही खाली बसलेलं नाही. हिरव्या जाळीखालचा सगळा सांगाडा मी केला; वादळात शेजारच्यांचा उडून रस्त्यावर गेला, तुझा जागचा हलला नाही. कुंड्या वाहायची ढकलगाडी मी केली. पाण्याच्या टाकीची घडवंची, बाबांना उठताना धरायला पलंगाचा दांडा, धाकटीच्या सायकलची जादा चाकं, आणि ती पडायची थांबल्यावर त्याच चाकांवर बसवलेला तुझा फवारणीचा पंप, हे सगळं माझ्या हातचं. वेल्डिंग मला कुणी शिकवलं नाही. डोळे सुजवून घेतले, बोटं भाजून घेतली आणि शिकलो.

हे तुला माहीत आहे. तरी लिहितोय, कारण मंगळवारी फोनवर मागून दाजींचा आवाज आला, "फाटकं जोडणाऱ्या माणसाला गाडीतलं काय कळतं!" आणि कुणीतरी हसलं. फोन स्पीकरवर आहे हे तू मला आधी सांगायला हवं होतंस.

तुझी वहिनी म्हणाली, "पत्र कसलं लिहिताय, फोन करा." मी म्हटलं, फोनवर मी ओरडतो. तर म्हणते, "पत्रातही ओरडालच. एवढंच की शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही." हे पत्र तीच घेऊन येईल. ती समोर असताना वाच, आणि मोठ्याने वाचू नकोस.

आता गाड्यांचं. तूच बोलावलंस. दोन जुन्या पिकअप बघून ठेवल्यात म्हणालीस, दोन्ही डिझेल, दोन्हींना मागे मातीला हौदा आणि आत पोरांना बसायला मागची सीट. "दादा, तू बघ आणि सांग. तू म्हणशील ती." हे शब्द तुझे आहेत, माझ्या पदरचे नाहीत.

राखाडी गाडी पंप दुरुस्त करणाऱ्याची. पहिल्यापासून त्याच्या एकट्याच्या हातात. मी न कळवता सकाळी जाऊन उभा राहिलो, तो दात घासत होता. बोनेटवर हात ठेवला, गार. म्हटलं, किल्ली द्या. पहिल्यांदा कण्हली, दुसऱ्यांदा सुरू झाली, थोडा पांढरा धूर सोडला आणि मग लागली निवांत चालायला. क्लच जड आहे, तुझा पाय दुखेल. ड्रायव्हरच्या सीटचा फोम बाहेर आलाय. मागच्या फळीला पोचा आहे. पुढचे दोन्ही टायर बदलावेच लागतील आणि डिझेल फवारणारा एक इंजेक्टर कुरकुरतो. यातलं बरंचसं मी विचारायच्या आधी त्यानेच सांगून टाकलं. वर म्हणाला, "हॉर्नचं मात्र काही सांगता येत नाही. त्याच्या मनात असलं तर वाजतो." खाली आडवा होऊन बघितलं. गंज आहे, पण वरवरचा. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ज्याच्यावर सगळं उभं असतं, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड.

पांढरी तुझ्या थोरल्या दिरांची. जुन्या गाड्या घेणं आणि विकणं हाच त्यांचा धंदा, तेव्हा गाडी नवरीसारखी नटवलेली असणारच. नवी सीटकव्हरं, आत अत्तराचा घमघमाट, पुढे टीव्हीसारखा भलामोठा पडदा. दाजींनी सीटवर बसून आधी गाणं लावून दाखवलं. मला म्हणाले, "आवाज ऐकलात का दादा?" मी म्हटलं, "इंजिनाचा ऐकायला आलोय." बोनेटवर हात ठेवला तर चटका बसला. गाडी छपराखाली उभी, सकाळची वेळ. तुझ्या दिरांना विचारलं, "आत्ता कुठून आली?" तर म्हणतात, "छे, दोन दिवस जागची हललेली नाही."

जागच्या जागी ताप चढलेली गाडी मी पहिल्यांदाच बघितली. मग तुझ्याकडूनच उलगडलं. आदल्या दिवशी तू त्यांना फोन केला होतास. "दादा येतोय, गाडी तयार ठेवा, त्याला ताटकळत ठेवू नका, तो चिडतो."

अगं, डिझेल गाडी घ्यायची तर गार असताना सुरू करून बघायची असते! गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. आजाऱ्याला आधी उठवून, बसवून, चार पावलं चालवून ठेवलं, तर डॉक्टर आल्यावर तो ठणठणीतच दिसणार. तू मला मान द्यायला गेलीस आणि माझी अर्धी तपासणी पाण्यात घातलीस. लहानपणापासून तुझं हेच आहे. दादा येणार म्हटलं की पसारा पलंगाखाली. दादाला घर नेहमी आवरलेलंच दिसायचं. चादर मी कधी उचलली नाही, पण खाली काय आहे ते मला माहीत असायचं.

या वेळी उचलली. गाडीखाली गेलो. सगळ्या चासीला डांबरासारखा काळा लेप, इतका ताजा की बोटाला लागला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत निघालो. टण, टण, टण, आणि एका जागी थप्प. लेप खरवडला. खाली वेल्ड. दुसऱ्या बाजूला, त्याच रेषेत, तसंच. बारके, ही गाडी कधीतरी आपटून मोडली आहे, किंवा दोन मोडक्या गाड्यांचे अर्धे चिकटवून ही एक केली आहे. त्यात जोडही धड नाही. आत लोखंड उतरलेलंच नाही, नुसता वरून थर दिला आणि ग्राइंडरने घासून गुळगुळीत केला. असा जोड मी कोंबड्यांच्या खुराड्याला देणार नाही.

आणि जोड कुठे आहे? मागच्या सीटखाली. तू हौद्यात ओली माती भरणार, त्या उतारावरून खाली येणार, आणि त्या जोडावर तुझी दोन पोरं बसणार. मी जेव्हा जेव्हा जेवायला बसतो तेव्हा हेच चित्र समोर येतं. वहिनीला विचार, मी ताट अर्धं ठेवतो की नाही.

तिथून निघाल्या निघाल्या मी तुला फोन करून सांगितलं, पांढरी घेऊ नकोस, चासीला जोड आहे. तू दिरांना विचारलंस. ते म्हणाले, तो कंपनीचाच जोड असतो, सगळ्या गाड्यांना असतो. मग तो लेपाखाली का दडवला, हे विचारलंस का? नाही विचारलंस. त्याच दिवशी संध्याकाळी तुझा फोन, आवाजात नुसता आनंद. "दादा, अरे भाऊजींनी घरचं माणूस म्हणून तीस हजार सोडले!" मी "बरं" म्हटलं. तुला वाटलं, मी रुसलो.

आणि मग मंगळवार.

त्या दिवशी तू जे विचारलंस ते कागदावर उतरवायला हात धजत नव्हता, म्हणून इतका वेळ क्लच आणि इंजेक्टर सांगत बसलो. तू म्हणालीस, "दादा, रागावू नकोस हं, पण त्या पंपवाल्याने तुला काही दिलंय का? म्हणजे, हे म्हणतात."

"हे म्हणतात" तू नंतर जोडलंस. तो जोडही मला ऐकू आला. दाजी म्हणाले असतील, म्हणोत. त्यांचा मला राग आहे, पण ते काही मला दादा म्हणत माझ्या खांद्यावर बसून शाळेत गेलेले नाहीत. विचारलंस तू. तुझ्या तोंडून ते निघालं. मी फोन ठेवला, कारण पुढे जे बोललो असतो ते परत घेता आलं नसतं.

पंपवाल्याने मला काय दिलं ते ऐकून ठेव. एक कप बिनसाखरेचा चहा, घरातली साखर संपली होती म्हणून. हात पुसायला एक चिंधी दिली. ती परत केली.

शनिवारी कागद व्हायचे आहेत. गाडी तुझ्या नावावर, सही तुझी. दाजींची नाही, दिरांची नाही. राखाडीच घे असा माझा हट्ट नाही. तिसरी शोध, चौथी शोध, नाहीतर आणखी वर्षभर माती भाड्याच्या गाडीतून आण. पण सही करायच्या आधी एक कर. कुणालाही न सांगता जा. या वेळी खरोखर कुणालाही फोन करू नकोस. बोनेटवर हात ठेव. मग उजव्या बाजूला मागच्या दाराखाली वाक. मी खरवडलेली जागा त्यांनी एव्हाना पुन्हा काळी केली असेल, पण ती बाकीच्यापेक्षा जास्त चमकेल. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोक. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतःच्या कानावर ठेव.

पंपवाला शनिवारपर्यंत गाडी कुणाला दाखवणार नाही. मी त्याला तसं सांगितलंय. यात माझा स्वार्थ काय, हा हिशोब दाजींनी मांडत बसावं.

बाबा रोज विचारतात, बारकीची गाडी आली का. मी म्हणतो, येईल.

तुझा,
फाटकं जोडणारा दादा

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, फोडून पुन्हा लिहितोय. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण तुला त्या घरात राहायचंय, त्यांच्यासमोर रोज ताट वाढायचंय. पण तू प्रश्न विचारलास, आणि तुझ्या प्रश्नाला मी कधी खोटं उत्तर दिलेलं नाही. मला कुणी काही दिलेलं नाही, कारण मी घेतलं नाही. देऊ मात्र केलं होतं. पंपवाल्याने नव्हे. मी पांढऱ्या गाडीखालून बाहेर आलो, अंगावरची माती झटकत होतो. दाजी पाण्याची बाटली आणायला गेले होते. गेले होते की पाठवले होते, ते तुझं तू ठरव. तुझ्या दिरांनी माझ्या शर्टाच्या खिशात जाडसर पाकीट सरकवलं आणि हळूच म्हणाले, "दादा, खालचं खाली राहू द्या. बहिणीला एवढंच सांगा, गाडी उत्तम आहे." मी ते पाकीट काढून त्या तापलेल्या बोनेटवर ठेवलं आणि निघालो. आत किती आहेत हे मी उघडून बघितलं नाही. आकडा ऐकून मी थांबेन असं वाटून त्यांनीच मागून हाक मारून सांगितलं. तीस हजार.