थॉर्नवेलची भिंत

कडा, ता. आष्टी, जि. बीड
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

चि. समाधान यास,

आईचा आशीर्वाद. आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, तुझ्या नावानं एक फळ जास्त ठेवलं.

पार्सल पोचलं. स्वेटर एक, चॉकलेटचा डबा एक, तू राहतोस त्या थॉर्नवेलच्या इतिहासाचं पुस्तक एक. पोस्टमननं कस्टमचे म्हणून तीनशे दहा रुपये घेतले. तेवढ्यात इथं स्वेटर आला असता. पुन्हा पाठवू नको.

फोनवर बोलले असते, पण तुझे अण्णा स्पीकर लावून बसतात. म्हणून पत्र.

पुस्तकात तुझी चिठ्ठी होती. "आई, पान एकतीस बघ. थॉर्नवेलला पण आधी शेतंच होती. रेल्वे आली, प्लॉट पडले, अन् आज लंडनला लागून केवढी वस्ती झालीय." कशासाठी पाठवलंस ते कळलं. कड्याला रेल्वे आली, स्टेशनाकडचं आपलं रान प्लॉटिंगवाल्यांना पाहिजे, अन् सातबाऱ्यावर अण्णांच्या जोडीला माझं नाव आहे. माझ्या सहीशिवाय खरेदीखत होत नाही. संक्रांत झाली की सही, असं अण्णा परस्पर सांगून बसलेत.

मी मॅट्रिकची डिक्शनरी काढली अन् सगळंच पुस्तक वाचलं. गवताच्या गंजी, घोडे, दुधाच्या गाड्या. शेतं गेली, शेतांची नावं रस्त्यांना राहिली. एवढं तरी केलं म्हणायचं.

पुढं चर्चचा फोटो आहे, तिथं मात्र अडकले. रस्ता रुंद करताना दफनभूमीचा तुकडा घेतला अन् थडग्यांचे दगड उचलून भिंतीला ओळीनं उभे केले. त्यात लहान लहान दगडही आहेत. आता तिथं बसस्टॉप आहे म्हणे. खाली जे होते त्यांचं काय केलं, ते लिहिलेलं नाही. पुढची पानंही उलटून बघितली. नाही.

परवा सर्जेराव टेप घेऊन रानात आला. तोच प्लॉट पाडणार आहे.

"वहिनी, ह्या कोपऱ्यातून रस्ता जातोय. लिंब काढावा लागंल. जेसीबीला अर्धा घंटा बी लागत न्हाई."

"तेवढा कोपरा सोडा," मी म्हणाले.

"कावून? सोनं पुरलंय का काय?" अन् हसला.

अण्णा हसले नाहीत. "करंल ती सही. सध्या लंडनची पुस्तकं वाचायलीय," म्हणाले. पण लिंबाकडं पाठ करून उभे होते. टेप धरायलाही तिकडं गेले नाहीत.

तू लहानपणी विचारायचास, त्या कोपऱ्यात नांगर का घालत नाहीत. खडक आहे, असं मी सांगायचे.

खडक नाही, समाधान.

तुझ्या आधी मला मुलगी झाली होती. बारशाच्या आधीच गेली. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. अण्णांनी माझ्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून नेलं. बायकांनी जायचं नसतं, मी उंबऱ्यापर्यंत गेले. लिंब तिथं आधीपासून होता, म्हणून जागा तरी माहीत. तेव्हापासून बैल असोत की ट्रॅक्टर, अण्णा तिथून वळसा घेतात. आम्ही दोघं त्यावर एकदाही बोललो नाही. नाव नाही, दगड नाही. तुझ्या थॉर्नवेलच्या लोकांचे दगड तरी भिंतीला लागले.

प्लॉटला माझी आडकाठी नाही. जग बदलतं, ते काय मला दिसत नाही? पण तिच्यावरून रस्ता जाईल अशा कागदावर मी सही करणार नाही. अण्णा बोलले तरी, अन् तू अबोला धरलास तरी.

तू एवढं कर. त्या भिंतीपाशी जा. चर्चमध्ये कुणी जुनं माणूस असेल त्याला विचार, की खालच्यांना उचललं होतं का, की तसंच ठेवून वरून डांबर ओतलं. उचललं असेल तर कुठं नेलं, काय म्हणून नेलं. अन् कुणाच्या आईला विचारलं होतं का.

उत्तर उलट टपाली धाड, फोनवर नको. पाकिटावर माझं नाव घाल. ते मी अण्णांच्या समोर फोडीन अन् मोठ्यानं वाचीन. तोवर पेनाला हात लावत नाही.

तुझी, आणि तिचीही,
आई