सकाळची प्रार्थना आणि बाबांचा रेडिओ

तीर्थरूप आईस,
धाकटीचा नमस्कार. यातला अर्धा बाबांना दे.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

आमच्या सरकारी शाळेत सकाळची प्रार्थना सक्तीची करावी की नाही, यावर बरेच दिवस वाद पेटला होता. काल पालक-शिक्षकांची सभा झाली. मी उठून म्हणाले, सक्ती नको. शिवणाच्या बाई तावातावाने म्हणाल्या, "घरी कधी देवाचं नाव घेतलं असतंत, तर असं बोलला नसतात."

मग मी तुम्हा दोघांचं सांगितलं. आई रोज प्रार्थना करते, बाबा करत नाहीत. तिने त्यांना कधी हात जोडायला लावले नाहीत, आणि तिचं आटपेपर्यंत त्यांनी कधी रेडिओ लावला नाही, बातम्या बुडाल्या तरी.

शेवटी मुख्याध्यापकांनी ठरवलं, घंटेनंतर थोडा वेळ शांतता. ज्याला हवं त्याने मनात म्हणावं. दोघे-तिघे शिक्षक माझ्याशी बोलत नाहीत, पण बोलतील. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

आज त्या शांततेत मी हात जोडले, तर शेजारच्या शिवणाच्या बाई बघतच राहिल्या.

"तुम्ही?"

"रोज करते," मी म्हणाले. "आईने कधी करायला लावली नाही, म्हणून अजून करते."

बाबांना पत्र वाचून दाखवताना सभेपाशी थांबू नकोस. पोरगी माझ्यावर गेली म्हणून ते मिशीत हसत बसतील. त्यांना पुढचंही ऐकव.

तुमची दोघांचीही,
धाकटी