पाईनच्या झाडावरची कवळी

माझी कवळी अजून झाडावर आहे. ती जावयाने, म्हणजे ट्रेंटने, तिथे टांगली आणि गेल्या ऑगस्टपासून मी दुधात पाव बुडवून खाते आहे. वकील म्हणतो, मृत्युपत्रात आधी नावगाव लागतं. घ्या नावगाव.

मी वेल्मा ऑस्टगार्ड, निल्सच्या मागे राहिलेली बायको, वय एक्याऐंशी, राहणार पाइनडेल, वायोमिंग. शाळा चौथीपर्यंत, तीही बर्फाने रस्ता बंद नसेल तेव्हा. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी दारू पाजलेली नाही. पाजली असती तर नको म्हटलं नसतं. आधीचं मृत्युपत्र रद्द. त्यात मी ट्रेंटला ट्रक दिला होता.

१. घर मुलीला, अर्डिसला. स्वयंपाकघराचा कोपरा गळतो. खाली बादली आहे, तीही तिचीच.

२. तांबडा कोंबडा. याच्या आणि याच्या बापजाद्यांच्या मानेच्या पिसांतून मी गळाला लावायच्या खोट्या माश्या बांधत आले. खरी माशी पाण्यावर बसली असंच माशाला वाटतं. शेजारीण कोरा त्याच्या आरवण्यावरून भांडते, म्हणून तो तिलाच देणार होते. पण ती इथे साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. तेव्हा कोंबडा तिच्या नवऱ्याला.

३. पिसांचे डबे, दोरे, माश्या बांधायचा शिकंजा आणि तो ट्रक नात विलाला. तिच्या गाठी सैल पडतात. हात बसेल.

४. भाऊ मर्ल याला काही नाही. माझ्या गळाला लागलेला मासा हातात धरून त्याने स्वतःचा फोटो काढून घेतला आणि तो न्हाव्याच्या दुकानात लावला. अजून आहे तिथे.

५. आता निल्सची मासे धरायची बांबूची काठी. पाय मोडून घरी बसला त्या हिवाळ्यात त्याने ती तासली. ट्रेंटचा तिच्यावर डोळा आहे. काठी ज्याची, आमचं माशांचं तळं त्याचं. तळं कुठे ते इथे लिहीत नाही. आमच्यात कोणी लिहीत नाही. कोणी विचारलंच तर त्याला उलट्या वाटेने पाठवायचं. मी पाद्रीसाहेबांनाही पाठवलं आहे.

काठीची अट समजायला ऑगस्टमध्ये काय झालं ते कळलं पाहिजे. आम्ही चौघं पाठीवर बोचकी घेऊन तळ्यावर गेलो, मी, अर्डिस, विला आणि ट्रेंट. वर अस्वलं फिरतात, म्हणून रात्री वासाचं सगळं एका पोत्यात घालून झाडाला टांगायचं असतं. पीठ, मीठ, डुकराचं खारवलेलं मांस, साबण, सगळं.

ट्रेंट म्हणाला, "आई, कवळीपण द्या. तुमच्या त्या चिकटवायच्या लगद्याला पुदिन्याचा वास येतो."

"अस्वल माझी कवळी लावून कुठे जेवायला जाणार आहे?"

"नियम म्हणजे नियम, आई."

"मग त्या खालच्या फांदीला बांध."

"ती काय फांदी झाली? आता बघाच."

हा शाळेत बेसबॉल खेळायचा. दोरीला दगड बांधून त्याने असा भिरकावला की दोरी थेट शेंड्याजवळच्या फांदीवरून गेली. मग पोतं इतकं ओढलं की ते बेचक्यात जाऊन रुतलं. सकाळी हिसका दिला तर दोरी तुटून खाली आली, नुसतीच. चढायला गेला, खालच्या वाळक्या फांद्या मोडल्या, तो परत आला तेव्हा विजारीची मागची बाजू वरच राहिली होती.

अर्डिस म्हणाली, "छान टांगलंस हो. अस्वल आता आपल्याकडेच मदत मागायला येईल."

मग उरलेले दिवस अळणी ट्राउट मासा. ती तिघं चावत होती, मी बघत होते. विलाने काटे काढून, चमच्याने कुस्करून मला दिला. ट्रेंट म्हणाला, "नवी करून घ्या ना." करून घेतली. बोलताना टाळ्या वाजवते. परत दिली.

तर अट अशी. मला पुरायच्या आधी पेटी उघडी ठेवतील आणि गाव बघायला येईल. मर्लही येईल. गाल आत गेलेले त्याला बघू देणार नाही. ट्रेंटने ती कवळी आणून, घासून माझ्या तोंडात बसवली तर काठी त्याची. नाही तर विलाची. झाड तोडायचं नाही. त्याच्या सावलीतच मोठे मासे असतात. अस्वलाने नेली असेल तर अस्वल शोधावं. मी हिवाळ्यात गेले तर वाट मोकळी होईपर्यंत मला गार जागी ठेवा. जमीन तशीही गोठलेली असते. मला घाई नाही.

पाइनडेल, १९ ऑक्टोबर १९९८.

सही: वेल्मा ऑस्टगार्ड

साक्षीदार: हायरम बॅस, टपाल कचेरी.
साक्षीदार: कोरा लंडीन. (सही केली आहे. कोंबडा नको.)

सहीनंतर आठवलं तेही धरावं: कवळीवाचूनच पेटी उघडायची वेळ आली, तर म्हातारीच्या तोंडाला काय झालं असं जो तो विचारेल. अर्डिसने आणि विलाने गप्प बसावं. ट्रेंटने पेटीशी उभं राहून प्रत्येकाला स्वतः उत्तर द्यावं, मर्लला सगळ्यात आधी.