जमिनीखालची ओळ

पप्पा, आज शनिवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत आणि आत्तापर्यंत मी कारखान्याच्या मागच्या ओट्यावर तुमच्या कबरीचा दगड घासत होतो. हात धुऊन लिहायला बसलो आहे. तुमच्या कबरीवरचा लाकडी क्रूस या बारा वर्षांत वाळवीने खाल्ला. ज्यांच्या हाताखाली मी कोरीवकाम शिकलो त्या उस्तादांनी एका मोठ्या कामातून उरलेला संगमरवर दिला आणि म्हणाले, "बाप का पत्थर है बेटा, जल्दी मत करना." मी घाई केली नाही. तुमचे नाव आधी तीनदा कागदावर काढले, ऱ्हस्व-दीर्घ तपासले, मगच दगडावर उतरवले. तुम्ही गेल्यावर नववीत माझी शाळा सुटली, पण अक्षर सुटले नाही. रेल्वेच्या नोकरीने तुम्हाला या हिंदी मुलखात आणले होते, तुम्ही डब्यांवर अक्षरे रंगवायचात. एकदा मी वहीत तुमचे नाव चुकवले तेव्हा तुम्ही पान फाडून म्हणाला होतात, "माणूस गेल्यावर नावच उरतं. तेवढं तरी नीट लिही."

आईचे नाव मात्र कुठेच उरले नाही. ती बौद्ध होती आणि शेवटपर्यंत बौद्धच राहिली. नाताळला तेवढी ती चर्चमध्ये यायची, करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसायची. बाप्तिस्म्याचा विषय निघाला की म्हणायची, "माझा बुद्ध मला पुरे, तुमचा प्रभू तुम्हाला. पोराला भूक लागलीय ते बघा आधी." मी दहा वर्षांचा असताना ती गेली. तिला अग्नी दिला, म्हणून तिची कबरही नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी पाद्रीसाहेबांनी आम्हा मुलांना शिकवले की ज्यांनी प्रभूला स्वीकारले नाही त्यांची शिक्षा सार्वकालिक आहे, ती कधीच संपत नाही. मी खातीपुऱ्याच्या आपल्या रेल्वे क्वार्टरमध्ये पळत आलो. तुम्ही स्वयंपाकघरात आहात, पोळी तव्याला चिकटली आहे, आणि मी विचारतो, "आई तिथे आहे का?" तुम्ही गॅस बंद करता. उलथन्याने ती पोळी खरवडून काढता. मग म्हणता, "नरक असेल, नाही म्हणत नाही. पण तिथं कायमचं कुणी राहणार नाही. एका मेंढरासाठी जो डोंगर पालथा घालतो, तो दार लावून झोपेल का? हे बाहेर बोलू नकोस."

पंधरा दिवसांनी पाद्रीसाहेब घरी आले. त्यांच्या कानावर गेले होते. चहा समोर ठेवून तुम्ही दोघे बसला होतात, मी दाराआड. ते रागावले नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, "भाईसाहब, अगर आख़िर में सब बच जाएँगे, तो प्रभु क्रूस पर क्यों चढ़े?" तुम्ही तुमच्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणालात, "इसीलिए तो चढ़े. थोडे लोगों के लिए चढ़ते, तो क्या कीले कम लगते?" ते म्हणाले, "आप वचन से ज़्यादा दयालु बनना चाहते हैं." तुम्ही म्हणालात, "नहीं साहब. वो मुझसे कम दयालु है, इतना मेरे मुँह से नहीं निकलता." त्यांचे डोळे भरले. तरी पुढच्या रविवारपासून त्यांनी तुमच्याकडचे चर्चमधले शास्त्रवाचन काढून घेतले. अकरा वर्षे तुम्ही त्या वाचनपीठाशी उभे राहून वाचायचात. नंतर तुम्ही आईच्याच बाकावर, शेवटी बसू लागलात. तुम्हाला वाटले, झोटवाड्याच्या अंकलनी, तुमच्या जिवलग मित्राने, सांगितले असणार, कारण त्यांच्यापाशीच तुम्ही मन मोकळे केले होते. तुम्ही त्यांच्याशी बोलणे सोडले. तुमच्या शवपेटीला त्यांनी खांदा दिला तेव्हाही ते मला विचारत होते, "मेरी ग़लती क्या थी, बेटा?"

दवाखान्यात तुम्ही माझ्याकडून एकच कबूल करून घेतले होते. दगडावर दोघांची नावे घाल, आणि खाली लिही, पुन्हा भेटेपर्यंत. मी परवा मजकूर घेऊन कब्रस्तानच्या कमिटीकडे गेलो. तिथले म्हातारे सेक्रेटरी चष्मा वर करून म्हणाले, "जो यहाँ दफ़न नहीं, जिनका बपतिस्मा नहीं, उनका नाम कैसे लिखें? बुरा मत मानना." मी वाद घातला नाही. तुमचे सगळे म्हणणे मला पाठ आहे, खिळ्यांचे, मेंढराचे, पण मी मजकुराचा कागद घडी करून खिशात ठेवला. खरे सांगायचे तर मला ते मानता येत नाही. ऐकताना तुमचे बरोबर वाटते आणि घाबरताना त्यांचे, आणि मी बहुतेक वेळ घाबरलेलाच असतो. चहा पिताना मनात येते की या क्षणी ती जळत असेल आणि मी साखर ढवळतो आहे. कधी वाटते, ती तिथे असेल तर तुम्हीही स्वर्गात थांबला नसाल, तिच्याकडे गेला असाल. मग मला प्रार्थना कोणत्या दिशेने करायची तेच कळत नाही. गेले वर्षभर मी केलेली नाही.

उभ्या दगडाचा खालचा वीतभर भाग आम्ही खडबडीत सोडतो. तो सिमेंटमध्ये गाडला जातो, कुणाला दिसत नाही. काल मी तो भाग घासून गुळगुळीत केला आणि आईचे नाव तिथे कोरले, तुमच्या नावापेक्षा खोल, आणि त्याखाली तुमचे ते दोन शब्द. उस्तादांनी पाहिले. म्हणाले, "ये तो मिट्टी में जाएगा." मी म्हटले, "जी." त्यांनी पाण्याची बादली माझ्याकडे सरकवली. उद्या उपासनेनंतर दगड बसवायचा आहे. वर तुम्ही एकटे दिसाल. मला हे धाडसाचे काम वाटायला हवे होते, पण हात पुसताना कळले की मी तिला लपवले आहे, आणि तुम्हाला पुन्हा एकटे उभे केले आहे.

अंकल उद्या सिमेंटची पिशवी घेऊन येणार आहेत, त्यांनी स्वतःहून विचारले. पप्पा, त्यांनी सांगितले नव्हते. पाद्रीसाहेब घरी आले त्याआधीच्या रविवारी वर्गात त्यांनी पुन्हा त्या आगीचे सांगितले तेव्हा मी हात वर करून म्हणालो होतो, माझी आई तिथून बाहेर येणार आहे. पाद्रीसाहेबांनी विचारले, "ये किसने सिखाया?" आणि मी तुमचे नाव सांगितले.