थांबा क्रमांक सात आणि वरचे स्वयंपाकघर

प्रति,
मा. गुहा अधीक्षक,
लाव्हा गुहा देखभाल कार्यालय,
तिकीट खिडकीमागची खोली.

विषय : थांबा क्रमांक सातबाबतची जुनी मागणी रद्द समजून नवी मागणी तातडीने मान्य करण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. २) त्यांवरील आपली दोन उत्तरे (दोन्हींतला मजकूर एकच).

महोदय,

अर्जदार शिवणयंत्रे दुरुस्त करतो आणि त्याचे घर बरोबर आपल्या गुहेच्या डोक्यावर आहे. घर बांधताना खाली गुहा आहे याचा कोणाला पत्ताच नव्हता. ती कशी झाली हे मात्र अर्जदाराला आता तोंडपाठ आहे. लाव्हाचा ओढा वरून थिजला, दुधावर साय धरावी तसा, आतला रस पुढे वाहून गेला आणि मागे पोकळ नळी उरली. त्या नळीचे छत एके ठिकाणी फार पातळ आहे. नेमके तिथेच अर्जदाराचे स्वयंपाकघर आहे, आणि ओट्याखालच्या एका सुट्या फरशीआड मूठ जाईल एवढे भोक आहे. बावीस वर्षे त्याचा उपयोग एवढाच होता, की सांडलेले पाणी पुसावे लागत नसे.

गेल्या वर्षी आपण गुहा लोकांसाठी खुली केली. आपले गाइड, ज्यांना सगळे बॅटरीभाऊ म्हणतात, रोज अकराच्या सुमारास थांबा क्रमांक सातवर सर्वांना दिवे विझवायला लावतात आणि एक मिनिट खरी शांतता ऐका असे सांगतात. महोदय, त्या शांततेत अर्जदाराचे घर ऐकू येते. हे त्याला एका अनोळखी गिऱ्हाइकामुळे कळले. दुकानात यंत्र ठेवता ठेवता ते म्हणाले, "काय हो, साखरेचा डबा सापडला का शेवटी?" त्याच डब्यावरून आदल्या दिवशी घरात कडाक्याचे वाजले होते. अर्जदाराला तोंड लपवायला जागा उरली नाही.

त्याने थांबा क्रमांक सात बंद करण्याचा अर्ज दिला. आपण कळवलेत, "गुहेत शांतता राखणे सर्वांस बंधनकारक आहे, सबब आपणही शांतता राखावी." अर्जदार गुहेत राहत नाही, हे त्याने दुसऱ्या अर्जात स्पष्ट केले. उत्तर तेच आले, फक्त शिक्का थोडा तिरका होता.

तेव्हा अर्जदाराने घरातच बंदोबस्त केला. पत्नीला बजावले, "हळू बोल, खाली लोक कान लावून बसलेत." ती हळू बोलू लागली, मग कमी, मग नुसते "ताट वाढलंय" एवढेच. खरे सांगायचे तर अर्जदाराला ते बरेच वाटले. दिवसभर यंत्रांची खडखड ऐकून आलेल्या माणसाला घरात शांतता मिळाली, आणि ती कशाच्या मोलाने मिळाली हे त्याने विचारले नाही. याची त्याला आज लाज वाटते.

तिसऱ्या अर्जासाठी पुरावा हवा म्हणून अर्जदार स्वतः तिकीट काढून खाली उतरला. लोखंडी शिडी, डोक्यावर घट्ट बसणारे शिरस्त्राण, दोरखंडाची वेटोळी थिजावीत तशी जमीन, भिंतींवर लाव्हा उतरत गेल्याच्या रेघा, छतातून लोंबणारी झाडांची मुळे. गुहा सुंदर आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. सातव्या थांब्यावर दिवे विझले. वर फरशी सरकली आणि अर्जदाराच्या पत्नीचा आवाज आला, "आलात का सगळे? आज उशीर केलात."

जी बाई चार महिने अर्जदाराशी दिवसाला दहा शब्द बोलली नाही, ती अनोळखी माणसांशी मनमोकळी बोलत होती. शेजारच्या मांजरीचे झाले, पोहायला शिकायचे राहून गेले त्याचे झाले, मग म्हणाली, "आमचे हे मशीनच्या आवाजावरून कुठला स्क्रू सैल आहे ते सांगतात. माणसाचा आवाज मात्र त्यांना गोंगाट वाटतो." सगळे हसले. ओळखू येऊ नये म्हणून काळोखात अर्जदारही हसला. बॅटरीभाऊंनी नंतर सांगितले, की हे दोन महिने चालू आहे, आणि एका मिनिटाचा थांबा आता लोक पाच मिनिटांखाली सोडत नाहीत.

अर्जदार नऊ वेळा गेला. पुरावा पहिल्याच दिवशी मिळाला होता, तरी गेला. नवव्या दिवशी ती म्हणाली, "सकाळी डाव्या हाताची बोटं बधिर असतात. कप दोनदा सुटला. यांना नाही सांगितलं. म्हणतील, तेल घाल." गटातल्या एक बाई वर तोंड करून "अहो, डॉक्टरांना..." असे म्हणू लागल्या, तर पाहुण्यांनी वरच्या घराशी बोलायचे नाही, या आपल्या नियमाप्रमाणे बॅटरीभाऊंनी त्यांना गप्प केले.

त्या संध्याकाळी अर्जदाराला राहवले नाही. जेवताना त्याने विचारले, "हात कसा आहे?" पत्नी म्हणाली, "कोणता हात?" आणि हा शहाणा म्हणाला, "डावा." तिने पळी खाली ठेवली. अर्जदाराच्या पँटच्या गुडघ्यांवर गुहेची काळी भुकटी होती, ती तिने पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती फरशी जागेवर आहे आणि तिच्यावर धान्याचा मोठा डबा आहे. आज अकरा दिवस झाले. तिचे वर बोलणे अर्जदाराने बंद पाडले होते, खाली बोलणेही त्यानेच बंद पाडले. डॉक्टरांचे नाव काढले की ती खोलीबाहेर जाते. अर्जदाराचा पाय दुकानात ठरत नाही. दिवसातून चारदा घरी येतो, दारात उभा राहतो, परत जातो. एका गिऱ्हाइकाच्या यंत्राला दुसऱ्याचे चाक बसवून दिले.

सबब विनंती, की थांबा क्रमांक सात कायम ठेवावा. तिथे पाहुण्यांनी वर तोंड करून बोलण्यास असलेली मनाई उठवावी, म्हणजे "काकू, आम्ही आलोय, हात डॉक्टरांना दाखवलात का?" एवढे कोणी तरी विचारील. अर्जदाराचे ती ऐकणार नाही, त्यांचे ऐकेल.

आणि अर्जदारास गुहेत प्रवेश कायमचा बंद करावा. तो खिडकीशी येऊन गयावया करील, नियम दाखवील, कदाचित रडेलही, तरी त्याला तिकीट देऊ नये. या मनाईचा हुकूम शिक्क्यानिशी काढून अर्जदाराला नव्हे, त्याच्या पत्नीच्या नावे घरी पाठवावा. तिला खात्री पटली पाहिजे, की खाली सगळे असतील, फक्त नवरा नसेल.

आपल्या नकाराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
अर्जदार (सही)
शिवणयंत्र दुरुस्ती, घर क्रमांक ४१
दिनांक : १७ मार्च

सोबत : १) वापरलेली तिकिटे, नऊ. २) आपल्या दोन्ही उत्तरांच्या प्रती. ३) पत्नीचे नाव व पत्ता घातलेले पाकीट, पोस्टाचे तिकीट लावून.